दहा अँपिअरचं बिऱ्हाड

आईचा पहिला प्रश्न साधाच होता. "घर हाय, घराचं हप्तं चालू हायत, मग रानात जाऊन गाडीत ऱ्हायाचं कशापायी?"

मी म्हणालो, "सुट्टी आहे. तेवढाच बदल."

"आपल्याकडं ऊस तोडायला टोळ्या येत्यात, त्या अशाच ऱ्हात्यात. त्याला कोण बदल म्हणत न्हाई."

सांगलीकडच्या खेड्यात आयुष्य काढून सहा महिन्यांच्या व्हिसावर रेडिंगला आलेल्या बाईला ऑगस्टचा बँक हॉलिडे समजावून सांगणं कठीण. इथं ऑगस्टचा शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो. शनिवार, रविवार, सोमवार असा सलग तुकडा हाती येतो आणि अख्खा देश सहकुटुंब घराबाहेर पडून एकमेकांच्या मागे रस्त्यावर उभा राहतो. गणपती चार दिवसांवर आले होते, मखराचा थर्माकोल जिन्यात आडवा पडला होता, तरी आम्ही जाणार होतो. कारण सोलापूरकर जाणार होता.

सोलापूरकरला आमच्या गटात नावानं कुणी हाक मारत नाही. लॉकडाऊनमध्ये विमानं बंद होती आणि निम्मं इंग्लंड कॅराव्हॅन विकत घेत सुटलं होतं. त्या गर्दीत यानंही एक सेकंडहँड घेतली. तेव्हापासून तो आम्हाला स्वातंत्र्य म्हणजे काय हे समजावून सांगतो. स्वातंत्र्याचा पुरवठा एकट्यानं संपत नाही म्हणून यंदा आम्हीही एक भाड्यानं घेतली. दोन कॅराव्हॅन, कोथरूडकर जोडप्याचा एक तंबू, आणि माणसं बारा. त्यांत माझा मेहुणा. तो मेकॅनिकल इंजिनियर आहे, हे पुढं बऱ्याच अनर्थांचं मूळ असल्यामुळं आधीच सांगून ठेवतो.

या खुळाची सुरुवात आमच्या शेजारूनच झालीय. रेडिंगला लागून ट्वायफर्ड नावाचं गाव आहे. तिथं गॉर्डन स्टेबल्स नावाचे आरमारातून निवृत्त झालेले डॉक्टर राहत आणि मुलांसाठी साहसकथा लिहीत. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका वाघिणी बांधणाऱ्या कारखान्याकडून महॉगनीची गाडी करून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि निव्वळ हौसेखातर तिच्यात राहत स्कॉटलंडपर्यंत गेले. कॅराव्हॅनवाले त्यांना मूळपुरुष मानतात. डॉक्टरांबरोबर गाडीवान होता आणि एक नोकर होता. तो नोकर तीनचाकी सायकलवरून पुढं जाऊन, मागून काय येतंय याची लोकांना आगाऊ सूचना देत असे. नोकर असला की स्वातंत्र्य सोपं असतं. आमच्याकडं मेहुणा होता.

शुक्रवारी संध्याकाळी वजनाचा प्रश्न निघाला. कॅराव्हॅन दिसायला एवढी मोठी, पण तिच्यात सामान किती भरायचं याला कायद्यानं मर्यादा असते. आमच्या वाट्याला दीडशे किलो आले होते. त्यात गॅसची टाकी, बॅटरी, पाण्याचं पिंप, ऑनिंग म्हणजे दाराशी लावायचा तंबूवजा मांडव, आणि मांडवाच्या लोखंडी काठ्या. मेहुण्यानं बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणला, मांडीवर लॅपटॉप घेतला आणि एक्सेलची शीट उघडली. हे सगळं वजा जाता खाण्यापिण्याला बेचाळीस किलो उरले.

बायकोनं तांदळाची पिशवी काट्यावर ठेवली. दहा किलो. ज्वारीचं पीठ, पाच. प्रेशर कुकर, मिक्सर, पोळपाट, तवा. चिवडा, लाडू, शंकरपाळ्या. आईनं सांगलीहून आणलेलं भडंग, तीन किलो. तीन किलो भडंग म्हणजे आकारानं लहान मूलच. बेचाळीसचा आकडा मागं पडला तसा मेहुणा एकेक वस्तू वगळायला लागला आणि त्यानं पोळपाटाला हात घातला. आई म्हणाली, "तूच उतर की गाडीतनं. तुझं ऐंशी तर असंल." मेहुण्यानं शीट बंद केली.

एक्सेलपेक्षा अवघड भाग पुढचा. कॅराव्हॅनचं नाक गाडीच्या हुकवर टेकतं आणि त्या नाकावर ठरावीक भार यावा लागतो. कमी पडला तर ती मागून डुलायला लागते, जास्त झाला तर मोटारीचे मागचे टायर बसतात. म्हणजे तांदूळ पुढच्या कप्प्यात ठेवायचा की चाकाच्या वर, हा स्वयंपाकाचा प्रश्न उरत नाही, भौतिकशास्त्राचा होतो. आईनं बाहेर येऊन एकदा पाहिलं आणि म्हणाली, "धुरा जड झाला की बैलाच्या खांद्यावर येतंय. जड समदं आखावर ठिवा." मेहुण्यानं वीस मिनिटं मोजमापं घेऊन तेच उत्तर काढलं.

लायसन्सबद्दलही कबुली देतो. १९९७ नंतर परीक्षा पास झालेल्या माझ्यासारख्याला एवढं मोठं धूड ओढायचं तर पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून सरकारनं ती अट काढून टाकली. आता मोटार चालवता येते एवढ्या भांडवलावर कुणीही साडेतीन टनांपर्यंत काहीही मागं बांधून निघू शकतो. सरकारनं माझ्यावर एवढा विश्वास टाकायला नको होता.

शनिवारी सकाळी निघालो. आरशांना वरून आणखी आरसे बसवलेली मोटार शिंगं रंगवलेल्या बैलासारखी दिसत होती. मोटरवेवर कॅराव्हॅनवाल्याला ताशी साठ मैलांची मर्यादा, आणि सगळ्यांत उजवीकडची लेन वर्ज्य. बाकीचं जग सत्तरनं जात असतं, आणि जाताना खिडकीतून आपल्याकडं बघत असतं. आईला वेगळाच प्रश्न पडला होता. "मागं एवढं गाद्या घातलेलं घर रिकामं चाललंय, नि आपण म्होरं खुराड्यात कोंबड्या बसल्यागत. मी मागं जाऊन जरा पडतो." चालत्या कॅराव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो, असं मी सांगितलं. "मग हिचा उपेग काय?" हे तिनं विंचेस्टरच्या आसपास विचारलं. साउदॅम्प्टन मागं पडलं तरी मला उत्तर सुचलं नव्हतं.

डॉर्सेटमधल्या गल्लीबोळांबद्दल सोलापूरकरनं आधी काहीच सांगितलं नव्हतं. ज्याला इथं रस्ता म्हणतात तो दोन्ही बाजूंनी पुरुषभर उंच झाडोऱ्याच्या भिंतींमधून जातो. एक मोटार मावते, आणि समोरून दुसरी आली की कुणीतरी एकानं नशिबाला शरण जायचं असतं. आमच्यासमोर ट्रॅक्टर आला. मागं सोलापूरकर होता, पण तो वळणाअलीकडंच एका फाटकाशी थांबून होता. म्हणजे मागं जायचं ते मलाच, तेही साठ-सत्तर यार्ड.

कॅराव्हॅन मागं घेणं हा अनुभव शब्दांत सांगता येत नाही, पण माझ्या बायकोनं तो तिथंच बऱ्याच शब्दांत सांगितला. स्टिअरिंग डावीकडं फिरवलं की कॅराव्हॅनची शेपूट उजवीकडं जाते. हे लक्षात ठेवून उजवीकडं फिरवावं तर तोवर ती मनानंच झाडोऱ्यात घुसलेली असते. मेहुणा खाली उतरून मागं उभा राहिला आणि अंश सांगू लागला. "पंधरा डिग्री... बारा... नाही, निगेटिव्ह बारा!" तिसऱ्या प्रयत्नात कॅराव्हॅन रस्त्याला काटकोनात उभी राहिली. ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि डबा काढला.

"थांब. मी उतरतो," असं म्हणून आई उतरली. पायात स्पोर्ट्स शूज, साडीवर नातवाचं हूड असलेलं जॅकेट. तिनं आधी मेहुण्याला बाजूला केलं. मग माझ्या खिडकीशी आली. "मागं बघू नगंस. शेपटी कुठं जाती ती मी बघतो. तू निस्ता जू धर. मी 'हिकडं' म्हणलं की थोडं हिकडं, लई न्हाई. मुंगीगत चालीव."

मी मागं बघायचं सोडलं. तिच्या हाताकडं बघत राहिलो. तो हात फार हलत नव्हता. मनगटातून एवढंसं इकडं, एवढंसं तिकडं, आणि मधेच पंजा उभा. मग थांबायचं. पाचेक मिनिटांत कॅराव्हॅन फाटकापाशी लागली आणि ट्रॅक्टर पुढं गेला. जाताना ट्रॅक्टरवाल्यानं टोपी उचलली. ती माझ्यासाठी नव्हती.

"तू कधी बैलगाडी मागं घेतलीयस?" मी विचारलं.

"आमच्या बानं गोठ्याचं दार गाडीएवढंच ठेवलेलं. रोज कोण घेणार मग?" आणि जरा थांबून, "उसाच्या ट्रॅक्टरवरचं पोरगं हे एका हातानं करतंय. दुसऱ्या हातात तंबाखू असती."

साइट म्हणजे एक मोठं हिरवंगार कुरण होतं, आणि त्यात ओळीनं पांढऱ्या डब्या मांडलेल्या. प्रत्येक डबीसमोर घडीच्या खुर्च्या आणि खुर्च्यांत साठीपुढची जोडपी. हे लोक तिथं समुद्र बघायला येतात, असा माझा गैरसमज होता. ते नव्यानं आलेल्यांचं बस्तान बघायला येतात. आम्ही आत शिरलो तशा पंचवीसेक खुर्च्या हलकेच आमच्या दिशेनं वळल्या. कुणी काही बोलत नव्हतं. मेहुणा मांडवाच्या काठ्या जुळवत होता तेव्हा एका बाईनं दुर्बीण काढली. ती पक्ष्यांसाठी असावी, असं मी मानून घेतलं.

गाडी समतल झाल्याशिवाय चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडायचे नसतात. मेहुणा स्पिरिट लेव्हल घरीच विसरला होता. आईनं वाटीत पाणी घेऊन ओट्यावर ठेवलं.

आता पाण्याबद्दल. कॅराव्हॅनला नळ असतो, पण नळाला पाणी आपण द्यायचं असतं. चाळीस लिटरचं गोल पिंप, त्याला दांडा, ते साइटवरच्या नळाशी जाऊन भरायचं आणि गवतातून लोळवत आणायचं. चाळीस लिटर म्हणजे अडीच-तीन घागरी. बारा माणसांना दिवसाला चार-पाच खेपा. आणि इथं मी एक चमत्कार पाहिला. घरी ग्लासभर पाण्यासाठी मुलांना हाका मारणारा सोलापूरकर पहाटे साडेसहाला उठून पिंप लोळवत निघाला होता. कोथरूडकर त्याच्या मागे. दोघांच्या चेहऱ्यावर असं समाधान, की जणू गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेत. नळाशी रांग होती आणि रांगेत सगळे पुरुष. आई पायरीवर बसून हे बघत होती. तिच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षं आडावरून पाणी ओढण्यात गेली. ती एवढंच म्हणाली, "ह्यास्नी पैसं द्यावं लागत्यात व्हय?"

पाणी येतं तसं ते जातंही. कॅराव्हॅनच्या संडासाखाली एक चपटी पेटी असते. तिला कॅसेट म्हणतात. माझ्या पिढीला त्या शब्दानं आजवर गोड गाणीच आठवायची. पेटीत निळं औषध घालतात, भरली की बाहेरच्या छोट्या दारातून ओढून काढतात, आणि चाकं व दांडा असल्यामुळं प्रवासी बॅगेसारखी ओढत साइटच्या कोपऱ्यातल्या ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करतात. विमानतळावर चालल्यासारखी माणसं सकाळी रांगेनं जातात. एकमेकांना "मॉर्निंग" म्हणतात आणि नजर वरच्या ढगांकडं ठेवतात. माझे आजोबा पहाटे भरलेलं टमरेल घेऊन जात आणि रिकामं घेऊन येत. मीही भरलेली वस्तू घेऊन गेलो आणि रिकामी घेऊन आलो. एका बाबतीत मात्र आजोबांची पद्धत बरीच सोयीची होती.

रविवारी सकाळी अंधार झाला. म्हणजे बाहेर लख्ख ऊन होतं, आमच्या कॅराव्हॅनमधली वीज गेली. नारिंगी केबलनं साइटच्या खांबावरून वीज घ्यायची असते आणि आमच्या खांबावर ती दहा अँपिअर होती. दोनशे तीस व्होल्टांनी गुणलं तर २३०० वॅट. घरची इलेक्ट्रिक किटली एकटीच तीन हजाराची. त्या किटलीबरोबर बायकोनं चटणीसाठी मिक्सर लावला, मुलीनं हेअर ड्रायर, आणि मेहुण्याचा लॅपटॉप तर एक्सेलसकट कायम लावलेलाच. खांबाचं झाकण कुलूपबंद होतं. वॉर्डन आला, खटका वर करून गेला. अर्ध्या तासानं पुन्हा आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं अतिशय नम्रपणे विचारलं, की आत काही छोटासा उद्योगधंदा चालू आहे का.

त्यानंतर आईनं कारभार हातात घेतला. लोडशेडिंगमध्ये ज्यांनी वर्षानुवर्षं रात्री दोनला उठून शेतात मोटार चालू केली, त्यांना दहा अँपिअर म्हणजे चैन वाटते. "च्या गॅसवर. गॅस असताना किटली कशाला पायजे? मिक्सर नवाला, धा मिन्टं. त्या वक्ताला दुसरं काय लावायचं न्हाई. पोरीनं क्यास उनात वाळवावंत." मग गॅसचाही हिशोब निघाला. टाकीत किती उरलंय हे कळायला सोलापूरकर तराजूवाला ॲप शोधत होता. आईनं ओलं फडकं घेऊन लाल टाकी वरपासून खालपर्यंत पुसली आणि बाजूला उभी राहिली. वरचा भाग बघता बघता वाळला. खाली निम्म्यावर ओल तशीच राहिली, पेन्सिलीनं रेघ मारावी इतकी स्पष्ट. "एवढा हाय." मेहुण्यानं त्या रेघेचा फोटो काढला. मग बराच वेळ तो द्रवरूप प्रोपेनच्या उष्णतेबद्दल बोलत होता, पण ऐकायला कुणी थांबलं नाही.

दुपारी कॉर्फचा किल्ला पाहिला. मराठी माणसाला परदेशात किल्ला दाखवणं ही जोखीम असते. पायथ्याशी उभं राहिल्याबरोबर कोथरूडकर म्हणाला, "टेकडीच आहे की. राजगडाची एक माची यापेक्षा मोठी." पण आत लावलेली माहिती वाचताना सगळे गंभीर झाले. यादवीत लेडी बँक्स नावाच्या बाईनं हा किल्ला नेटानं लढवला आणि शेवटी आतल्याच एका अधिकाऱ्यानं शत्रूला आत घेतलं. "फितुरी!" बारा जण एका सुरात म्हणाले. शेजारचं एक जर्मन कुटुंब दचकलं. १६४६ साली पार्लमेंटवाल्यांनी सुरुंग लावून तो पाडला आणि गावकऱ्यांनी दगड नेऊन घरं बांधली. त्याच सुमारास तिकडं महाराज तोरण्यावर चढत होते, हे कोथरूडकरनं तिकीट खिडकीवरच्या मुलीलाही सांगितलं. ती म्हणाली, "लव्हली."

संध्याकाळी पाऊस आला. कॅराव्हॅनच्या पत्र्यावर तो फार गोड वाजतो, पण कोथरूडकरांच्या तंबूत तो वाजतही नव्हता, सरळ आत येत होता. म्हणून बाराही जण आमच्या चार माणसांच्या कॅराव्हॅनमध्ये. मेंढीकोटाचा डाव पडला. पत्ते टाकायला जागा नव्हती, ते एकमेकांच्या गुडघ्यांवर टाकत होतो. कुणाला बाथरूमला जायचं झालं की पाच जणांना उभं राहावं लागे. आईनं मुगाच्या खिचडीचा कुकर चढवला होता. रात्रीचे साडेनऊ. साइटवर सगळीकडं सामसूम.

पहिली शिट्टी झाली.

दुसरी झाली तेव्हा बाहेर कुत्रं भुंकलं. तिसरीला दार धाडकन उघडलं आणि शेजारचे गृहस्थ रेनकोट, पायजमा आणि कुत्र्यासकट उभे. आमचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजतोय अशी त्यांची समजूत झाली होती आणि ते आम्हाला वाचवायला आले होते. एवढ्याशा जागेत बारा माणसं निपचित एकमेकांच्या अंगावर रेलून बसलेली पाहून त्यांची खात्रीच पटली असावी. "आउट! एव्हरीबडी आउट!" ते ओरडले. आम्ही सगळे पत्ते हातात धरून पावसात बाहेर आलो. आत एकटी आई. तिनं गॅस बंद केला आणि त्यांना म्हणाली, "बसा. वाढतो."

समजुती काढण्यात दहा मिनिटं गेली. ते गृहस्थ बसले. चाळीस वर्षं कॅराव्हॅन घेऊन हिंडतायत, पण शिट्टी मारणारं भांडं पहिल्यांदाच पाहिलं म्हणाले. त्यांनी खिचडी खाल्ली. मग आईनं वाटीत भडंग दिलं. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्याला कान लाल झाले, आणि त्यांनी वाटी पुढं केली. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, की कालचा गल्लीतला प्रकार ट्रॅक्टरवाल्याकडून साइटभर झालाय. तुमच्या आई इकडं कुठला कोर्स घेतात का?

सोमवारी पाय गुंडाळले, पेटी रिकामी केली, नारिंगी केबल वेटोळी घातली. निघताना कॅराव्हॅन फाटकातून मागं काढायची होती. मी काही बोलायच्या आत शेजारचे गृहस्थ जाऊन आईसाठी मोटारीचं दार उघडून उभे राहिले. खुर्च्या पुन्हा आमच्याकडं वळलेल्या होत्या.

मंगळवारी सकाळी मी आंघोळीला गेलो आणि अर्धा तास शॉवरखाली उभा राहिलो. बाहेर आलो तर आई जिन्यात, थर्माकोलशेजारी बसून सांगलीला मावशीशी बोलत होती. "काय न्हाई गं. तीन दिस रानात ऱ्हायलो. पाणी वाह्यलं, भाकऱ्या बडवल्या, परत आलो. पाऊसबी लागला... न्हाई न्हाई, फुकट कुठलं? भाडं हाय त्याला." तिनं फोनवर हात ठेवला. "किती पडलं रं समदं मिळून?"

मी निम्मा आकडा सांगितला. तिनं तो मनातल्या मनात रुपयांत केला, माझ्याकडं जरा वेळ बघितलं, आणि मावशीला त्याच्याही निम्मा सांगितला.